गेमच्या फोल्डरात एक गुरुवार

सकाळी साडेसहा. गुरुवार आहे, म्हणून उठल्या उठल्या पहिला विचार लाइटचा. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार गुरुवार, तेव्हा स्क्रीनपुढं बसून करायची कामं दुपारच्या आत उरकायची, हे केंदूर गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून अंगवळणी पडलंय. शेजारी पिठाची गिरणी आहे. शटर वर केलं की आधी ब्लोअर काढायचा आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक डब्याचा पंखा झाडायचा. ज्वारी-बाजरीचं पीठ कॉम्प्युटरच्या पोटात किती जातं हे शहरातल्या मेकॅनिकला सांगून पटणार नाही.

टेबलावर कालचा डबा आहे. वस्तीवरचे नाना रात्री मोटरसायकलवर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून घेऊन आले होते, मागं अकरावीतला मुलगा. नानांचं म्हणणं एवढंच, “पोरगा म्हणतोय व्हायरस घुसलाय. गेमच्या फोल्डरात कसल्या कसल्या फायली निघाल्यात. गेम जाऊ द्या खड्ड्यात, ह्याच्यात माझ्या कांद्याच्या पट्ट्या आहेत सगळ्या.” मुलानं मोबाइलवर फोटो काढून आणले होते. त्यात नावं होती रीडमी, हँडलिंग, स्टीम अ‍ॅपआयडी, आउटपुट लॉग. एका फाईलीत नुसते चौकोन आणि फराटे, दुसरीत सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत. “डिलीट मारू का दादा सगळं?” असं त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “काही मारू नकोस. आणि चालू पण करू नकोस.”

सात वाजता. डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरनं माझ्या मशीनला जोडली. माझ्या दुकानातलं मशीन उबुंटूवर चालतं, आणि परकी डिस्क मी फक्त वाचण्यापुरती जोडतो, लिहायची परवानगी बंद ठेवून. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथं लंगडा पडतो आणि माझ्या हातून चुकून काही पुसलंही जात नाही. बाकीचं कौशल्य नंतर.

पहिली शंका सगळ्यात वाईट गोष्टीची घ्यायची. फुकटात उतरवलेल्या गेमबरोबर येणाऱ्या खंडणीखोर व्हायरसांत स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं कुटुंब बदनाम आहे. २०१८च्या अखेरीपासून ते मुख्यतः क्रॅक आणि चोरीच्या सॉफ्टवेअरमधून पसरत आलंय. ते फायली कुलूपबंद करतं, प्रत्येकीच्या नावाला नवं शेपूट जोडतं आणि प्रत्येक फोल्डरात एक टेक्स्ट फाईल टाकून जातं. तिचं नाव रीडमीच, फक्त सुरुवातीला आडवी रेघ. आत मजकूर असा, की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९० डॉलरमध्ये भागेल. कांद्याचा भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्यासारखी सवलतही देतात. एम्सीसॉफ्ट या कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट सोडवण्याचं साधन काढलं, पण त्यानंतरच्या बहुतेक प्रकारांना ते पुरत नाही. चिठ्ठीतल्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ असेल तर सुटण्याची थोडीफार आशा असते, एरवी फार कमी.

म्हणून मी गेमचं फोल्डर उघडायच्या आधी पट्ट्यांचं फोल्डर उघडलं. पट्ट्यांचे, म्हणजे कांदा विकल्याच्या पावत्यांचे, फोटो नीट उघडतात, नावांना शेपूट नाही, त्या फोल्डरात चिठ्ठी नाही. गेमच्या फोल्डरातली रीडमी बघितली तर तिच्या नावात आडवी रेघ नाही, आणि ती अख्ख्या डिस्कवर एकाच ठिकाणी आहे. खंडणीखोर एका कोपऱ्यात चिठ्ठी ठेवून गप्प बसत नाही, तो घरभर चिकटवतो. नानांना फोन केला आणि सांगितलं, “पट्ट्या शाबूत आहेत. दुपारी एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवतो.” पलीकडून “बरं झालं” आलं आणि फोन कट.

साडेआठ ते अकरा हा दिवसातला चांगला वेळ. आता खरं काम.

अनोळखी टेक्स्ट फाईल समोर आली की लोक विचारतात, ही काय आहे? मी आधी विचारतो, ही कोणी लिहिली आणि कोणी वाचावी म्हणून लिहिली? गेमच्या फोल्डरात साधारण चार हात लिहीत असतात. गेम बनवणारे, गेम स्वतः, खेळणारा, आणि गेम फोडून फुकट वाटणारा. जुन्या फेरफाराच्या नोंदीत अक्षर, शाई आणि तारीख बघून तलाठी कोणता होता हे म्हातारी माणसं सांगतात, तसंच काहीसं हे वाचन. पहिली खूण तारीख. फोल्डरातल्या फायली बदलाच्या तारखेप्रमाणे लावल्या की त्यांचे थर पडतात. फाईल एका ठिकाणाहून दुसरीकडे कॉपी केली तरी विंडोज तिची बदलाची तारीख जपतं, तयार झाल्याची तारीख मात्र नवी पडते. म्हणून कधी कधी फाईल जन्मायच्या आधीच बदललेली दिसते. त्याचा अर्थ एवढाच, की ती दुसरीकडून आली. या डिस्कवर एक मोठा थर २००३चा होता, म्हणजे बनवणाऱ्यांचा. मधेच २०११च्या आसपासचा एक बारीक थर. आणि वर गेल्या महिन्याचा.

दुसरी खूण फाईलीचे पहिले दोन-चार बाइट. नावाच्या शेपटावर विश्वास ठेवू नये, ते कोणीही बदलू शकतं. पहिली दोन अक्षरं ‘एमझेड’ असली तर तो चालणारा प्रोग्राम. ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीची आद्याक्षरं, आजही विंडोजच्या प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर आहेत. ‘पीके’ असली तर झिप, म्हणजे फिल कॅट्झ. युनिक्समध्ये यासाठी १९७०च्या दशकापासून ‘फाईल’ नावाचीच एक आज्ञा आहे. तिला नाव द्या, ती आत डोकावून सांगते की टेक्स्ट आहे, चित्र आहे का आणखी काही. मी अख्ख्या फोल्डरावर ती फिरवली आणि चहा मागवला.

आलेली यादी गमतीची होती. टीएक्सटी नसलेल्या कितीतरी फायली टेक्स्ट निघाल्या. डिस्कवरचा २००३चा थर म्हणजे जीटीए व्हाइस सिटी. हा गेम कॉम्प्युटरवर २००३ मध्येच आला आणि त्या काळात शिक्रापूर-चाकण पट्ट्यातल्या प्रत्येक सायबर कॅफेत तोच चालायचा. त्याच्या ‘डेटा’ फोल्डरात डीएटी, आयडीई, आयपीएल, सीएफजी अशी शेपटं लावून बसलेल्या फायली आहेत. बघणाऱ्याला वाटतं मशीनची भाषा असेल. उघडा, साधी इंग्रजी आणि आकडे. हँडलिंगच्या फाईलीत एक गाडी म्हणजे एक ओळ. पहिला शब्द गाडीचं नाव, दुसरा आकडा तिचं वजन किलोत, पुढं आकार, गुरुत्वमध्य, टायरची पकड, गिअर किती, जास्तीत जास्त वेग किती. लँडस्टॉकर जीपचं वजन १७०० लिहिलंय. प्रत्येक रकान्याचा अर्थ वरच्या ओळींत बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलाय. ज्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम आहे ती ओळ गेम वाचत नाही, ती माणसासाठी. कारकोल्स नावाच्या फाईलीत तेच काम हॅशचं चिन्ह करतं. तिथं आधी लाल-हिरवा-निळा अशा तीन आकड्यांत रंगांची यादी आणि खाली कोणत्या गाडीला कोणती रंगजोडी. जीटीए व्हीसी डीएटी ही तर नुसती हजेरी आहे, गेम सुरू होताना कोणत्या फायली कोणत्या क्रमानं उघडायच्या याची.

पण ‘ऑडिओ’ फोल्डरातल्या एडीएफ फायली अशा सुटत नाहीत. टेक्स्टमध्ये उघडल्या तर पहिल्या ओळीपासून कचरा. त्या आहेत गेममधल्या रेडिओ स्टेशनच्या गाण्यांच्या साध्या एमपी३, फक्त प्रत्येक बाइट ३४ या आकड्याशी एक्सऑर केलेला, म्हणजे त्या आकड्याप्रमाणं ठरावीक बिट उलटे केलेला. पुन्हा त्याच आकड्यानं एक्सऑर केला की गाणं मोकळं. इतकं सोपं कुलूप का लावलं असेल, याचा मी बराच विचार केलाय. माझा अंदाज असा, की चोराला अडवायला नव्हे, तर उगाच डबल क्लिक करणाऱ्याला अडवायला.

मुलाला जी फाईल एकाच ओळीत दिसली तिचं कोडंही इथंच सुटलं. विंडोजला ओळ संपल्याची दोन चिन्हं लागतात, युनिक्स एकच वापरतं. विंडोजच्या नोटपॅडला एकट्या चिन्हाचा अर्थ २०१८च्या अखेरीपर्यंत कळतच नव्हता. नानांच्या डब्यात विंडोज ७. फाईल शहाणी होती, चष्मा जुना होता.

बारा वाजता लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला तसं मशीन बंद केलं. एक जण सातबारा काढायला आला होता, त्याला संध्याकाळी ये म्हणून सांगितलं. घरी जेवायला गेलो. कान्होराज पाठक महाराजांच्या मंदिरापाशी दोन म्हातारे सावलीला बसले होते. त्यांनी पावसाचं विचारलं, जणू मी तो मोबाइलमधून पाडणार आहे.

जेवताना हे सगळं मी कुठं शिकलो ते आठवत होतं. कॉलेजात नाही. शेजारच्या पाबळच्या विज्ञान आश्रमात मी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तो आश्रम उभा केला, आणि तोही इथल्या कोरडवाहू माळावर, जिथं पाणीसुद्धा शोधावं लागायचं. करता करता शिकायचं, हे तिथलं सूत्र. मोटार जळाली तर आधी उघडा, वास घ्या, वेटोळं मोजा, मग पुस्तक बघा. फाईलीला वास नसतो, पण उघडून बघायची खोड तिथलीच. २००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीनं वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक पाबळला सुरू झाली. बोस्टनजवळच्या त्या विद्यापीठाचं नाव आमच्याकडं बैलगाडीच्या रस्त्यावरच्या लोकांना माहीत होतं, आणि पुण्याच्या बऱ्याच इंजिनिअरिंगच्या पोरांना पाबळचं नव्हतं.

पावणेतीनला लाइट आली. आता चौथा हात, गेम फोडणाऱ्यांचा. फराटे आणि चौकोन दिसणारी ती फाईल एनएफओ होती. १९९० मध्ये ‘द हंबल गाइज’ नावाच्या टोळीनं ही पद्धत पाडली. फोडलेल्या गेमबरोबर एक टेक्स्ट फाईल सोडायची, त्यात आपलं नाव, गेम कसा बसवायचा ते, आणि वरती अक्षरांनी काढलेलं मोठं चित्र. त्या चित्राला आयबीएमच्या १९८१च्या पीसीतला ४३७ क्रमांकाचा अक्षरसंच लागतो, ज्यात भिंती, कोपरे, ठोकळे काढायची चिन्हं होती. आजचा एडिटर त्याच बाइटांना युरोपातली मात्रावाली अक्षरं समजतो आणि कचरा दाखवतो. मी अक्षरसंच ४३७ केला आणि स्क्रीनभर कवटी उभी राहिली. ही फाईल निरुपद्रवी. तिच्या शेजारी ठेवलेला क्रॅकचा प्रोग्राम निरुपद्रवी असेलच असं नाही, आणि सकाळी ज्या खंडणीची भीती होती ती याच दारानं आत येते. तो प्रोग्राम मी वेगळ्या यादीत टाकला.

मग स्टीम अ‍ॅपआयडी, पोरानं गेल्या महिन्यात उतरवलेल्या नव्या गेमची. या फाईलीत फक्त एक आकडा होता, ४८०. बाकी रिकामी. स्टीमवरच्या प्रत्येक गेमला क्रमांक असतो, आणि गेम तयार करताना स्टीमला तो क्रमांक सांगायला ही फाईल ठेवतात. पण ४८० हा या गेमचा नव्हेच. तो ‘स्पेसवॉर’चा, म्हणजे स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह नव्या प्रोग्रामरांना सरावासाठी देते त्या नमुन्याचा. नमुना असल्यामुळं तो सगळ्यांना खुला, म्हणून फोडणारे आपला गेम त्याच्या नावावर खपवून ऑनलाइन शिरतात. मूळ स्पेसवॉर १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी केला होता, पीडीपी-१ या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर, एमआयटीतच. म्हणजे पाबळला लॅब यायच्या चाळीस वर्षं आधी ज्या आवारात दोन यानं एकमेकांवर गोळ्या झाडत होती, त्यांचं नाव केंदूरच्या एका पोराच्या डिस्कवर चोरीच्या कामाला जुंपलेलं. मला यात राग कमी आणि कौतुक जास्त वाटतं, हे नानांना सांगायचं नाही.

साडेचारला मुलगा कॉलेजातून थेट दुकानात. त्याला स्टूल दिलं. डबा हळूही झाला होता, तो का, ते त्याच्यासमोरच शोधायचं ठरवलं होतं. आउटपुट लॉग ही फाईल साडेनऊ जीबीची निघाली. एवढी फाईल एडिटरनं उघडली तर मशीनच बसेल. म्हणून तिच्या पहिल्या शंभर आणि शेवटच्या शंभर ओळी तेवढ्या बाहेर काढल्या. उबुंटूत त्यासाठी ‘हेड’ आणि ‘टेल’ या आज्ञा आहेत. डोकं बघितलं तर कोणतं ग्राफिक्स कार्ड, किती मेमरी, कोणता गेम, अशी ओळखपरेड. शेपूट बघितली तर एकच चूक पुन्हा पुन्हा. ती चूक गेम दर क्षणाला कितीतरी वेळा लिहून ठेवत होता.

“हा गेम रात्रभर चालू ठेवला होतास?”

तो खाली बघत म्हणाला, “कॉइन जमतात दादा. आपण नसलो तरी.”

“कॉइन जमले का?”

“न्हाई. सकाळी अडकलाच होता. मग उघडलाच नाही परत.”

हा मजकूर गेमनं स्वतः लिहिलेला, बनवणाऱ्यांनी वाचावा म्हणून. तो बेधडक पुसता येतो, पुढच्या वेळी गेम नवा लिहितो. मी त्याला खूण सांगितली. जी फाईल गेम चालवला की तारीख बदलते ती गेमची, जिची तारीख बदलत नाही ती बनवणाऱ्याची, आणि बनवणाऱ्याच्या फाईलीला हात लावायच्या आधी शेजारी एक प्रत. एक इशारा मात्र जोर देऊन दिला. बॅट, व्हीबीएस आणि रेग या शेपटांच्या फायलीही टेक्स्टच असतात, पण डबल क्लिक केलं की त्या वाचल्या जात नाहीत, चालतात. पेनड्राइव्हवरची ऑटोरन नावाची फाईल अशीच होती, दोन ओळींची. तिच्यामुळं अख्ख्या तालुक्यातले पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं आजारी होते. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमधली ती सोय बंद केली, तेव्हा कुठं माझ्यासारख्यांचं एक उत्पन्न थांबलं.

मग काउंटर-स्ट्राइकचं फोल्डर. तो २०११चा बारीक थर इथला होता. बॉटप्रोफाइल या फाईलीत कॉम्प्युटरनं चालवायच्या खेळाडूंची नावं आणि प्रत्येकाचं कसब लिहिलेलं असतं. मुलगा वाचता वाचता हसायला लागला. नावं सगळी गावातल्या पोरांची, रोमन अक्षरांत. त्याच्या चुलतभावानं ती घातली होती, डबा आधी त्याच्याकडं होता. मित्रांच्या कसबापुढं सगळीकडं १, आणि स्वतःच्या नावापुढं ‘एलिट’. आता त्यातला एक रांजणगावच्या कंपनीत आहे, एक कांद्याचा व्यापारी. “मी नेहमी ह्यांनाच मारतो, मला वाटायचं गेममध्येच असतात ही नावं,” मुलगा म्हणाला.

साडेपाच. एक फाईल उरली, नाव नुसतं ‘नवीन १’. आत मात्रावाली इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मुलगा म्हणाला ही पण ४३७ का? नाही. हे मराठी असणार, असं मला बघताक्षणी वाटलं, फक्त कोणत्या जातीचं ते ठरवायचं होतं. युनिकोडचं मराठी चुकीच्या अक्षरसंचात उघडलं तर ओळखू येतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. त्यामुळं दर तीन चिन्हांनी तोच डोक्यावर तिरकी रेघ दिलेला ‘ए’ येतो. अशी फाईल योग्य संच निवडला की धडधाकट परत मिळते. सगळीकडं प्रश्नचिन्हंच असतील तर मात्र मजकूर गेला, कारण साठवतानाच तो फेकला गेलाय. इथं दोन्ही नव्हतं. म्हणजे युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम, आपल्याकडच्या छापखान्यांचा बराचसा संसार या दोहोंवर चालला. त्यात मराठी अक्षर साठतच नसे, इंग्रजीच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर रद्दी.

माझ्याकडं ग्राहकांचे जुने फॉन्ट आहेत. तिसऱ्या श्रीलिपीला अक्षरं उभी राहिली. लग्नपत्रिकेचा मजकूर होता, वधू केंदूरचीच, खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ची ओळ. चुलतभावाच्याही आधी डबा छापखान्यात होता. फाईल साठवताना मागं उघडलेलं फोल्डर गेमचंच असावं, पत्रिका तिथंच पडली. मुलाला खाली वाचायचं होतं, मी स्क्रीन वळवली. दुसऱ्याच्या घरातलं आहे, आपलं काम ओळखण्यापुरतं. फाईल मात्र पुसली नाही, फॉन्टसकट नानांच्या पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली. वधूचं घर नानांच्या वस्तीवरच आहे, त्यांना हवी असेल तर देतील.

सात वाजता नाना आले. लॉग पुसला, क्रॅकचा प्रोग्राम आणि तो गेम काढला, पट्ट्यांची प्रत हातात दिली, पंखा झाडला होताच. नानांनी एकच विचारलं, “व्हायरस नव्हता ना?” मी म्हटलं, “नव्हता, पण येण्याच्या वाटेवर होता.” पैसे देताना त्यांनी रिवाजाप्रमाणं पन्नास कमी केले. सातबारावाला दारात उभाच होता, त्याचं काम घेतलं.

रात्री साडेनऊला मुलाचा फोन. हँडलिंगच्या फाईलीची प्रत काढून त्यानं लँडस्टॉकरचं वजन १७००चं १७००० केलं होतं. “दादा, समोरून येतीय ती गाडीच उडतीय!” मी विचारलं, दुसरा कोणता आकडा बदललास का. नाही म्हणाला, एकच. म्हटलं, मग आता तो परत १७०० कर आणि पकडीचा बदल. एका वेळी एकच.